चौदाशे बारा वाक्यं

माझ्या मामाचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा तो ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हा सगळ्यांना आधीपासून कल्पना होती, फॉर्मवर सह्या झाल्या होत्या आणि मामीने हॉस्पिटलची पिशवी चार दिवस आधी भरून दाराशी ठेवली होती. दुसऱ्यांदा तो एका गुरुवारी सकाळी सव्वादहाला गेला. तेव्हा कुणाचीच काही तयारी नव्हती आणि कॉम्प्युटरसमोर मी बसलो होतो.

मामा लिलाव पुकारायचा. बंद पडलेल्या हॉटेलांतल्या खुर्च्या, बुडालेल्या ऑफिसांतली कपाटं, एकदा तर किल्ली हरवलेलं आख्खं गोदाम त्याने विकलं. त्याचा आवाज असा होता, की मागच्या रांगेत नाक खाजवायला हात वर केलेल्या माणसालाही वाटायचं, आपण बोली लावली. तो बिचारा मुकाट्याने पुढे येऊन कपाट घेऊन जायचा. पुढे घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मामा म्हणाला, "एक वार." दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. "दोन वार." तिसऱ्यांनी रिपोर्ट उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. मामा म्हणाला, "तीन वार," आणि सही केली.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी एक मार्ग काढून दिला होता. ऑपरेशनच्या आधी मामाने स्वतःच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर ती टॅबलेटमध्ये भरायची. वाक्यावर बोट ठेवलं की मामा बोलणार. बाईंनी तीनशे वाक्यांची छापील यादीही दिली. 'मला पाणी हवे आहे.' 'कृपया दिवा मालवा.' 'मी आज बरा आहे, धन्यवाद.' मामाने ती वाचली, कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "हा कोण माणूस आहे? मला याच्याबरोबर राहायचं नाहीये."

तरी बाईंचा मान राखून त्याने ती तीनशे रेकॉर्ड केली. वर स्वतःची अकराशे बारा वहीत लिहून काढली आणि तीन आठवडे कपड्यांच्या कपाटात बसून एकेक म्हटली, कारण कपाटात रस्त्याचा आवाज येत नाही. त्या तीन आठवड्यांत आलेल्या पाहुण्यांना कपाटातून "बस की जरा, एवढी घाई कसली?" असं ऐकू यायचं आणि ते बसायचे. वहीत प्रत्येक वाक्याला नंबर, कॉम्प्युटरवर त्याच नंबरची फाइल. एकूण चौदाशे बारा.

हे सगळं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं. तो चौदा वर्षांचा, चालू केला की आधी खाकरायचा. दुसरी प्रत कुठेही नव्हती. दुसरी प्रत काढण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी सलग पाच वेळा "येत्या रविवारी नक्की" म्हणालो होतो. मी एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे तक्त्यांतल्या रकान्यांना रंग देतो. आमच्या घराण्यात तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो. मामी मला हाकच 'तज्ज्ञ' अशी मारते. पूर्वी कौतुकाने मारायची.

ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते. टॅबलेट घरात आला होता. त्यात यंत्राचा एक तयार आवाज होता. मामाने तो एकदाच वापरून पाहिला. 'मला भूक लागली आहे,' असं तो ज्या सुरात म्हणाला, त्यावरून वाटलं की आमची तक्रार नोंदवून घेण्यात आली आहे. मामाने टॅबलेट उपडा करून ठेवला आणि आपला आवाज येईपर्यंत पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहून बोलायचं ठरवलं. तो पाटीवरही ओरडतो. अक्षरं पाटीच्या बाहेर जातात.

तर गुरुवारी मी फाइली घ्यायला आलो. कॉपी सुरू केली, तिसऱ्या मिनिटाला डिस्क वाचता येत नसल्याचा निरोप आला आणि पडदा निळा झाला. बंद करून पुन्हा चालू केला. कॉम्प्युटरने विचारलं, डिस्क तपासून दुरुस्त करू का? मी 'हो' म्हणालो. आयुष्यात असल्या प्रश्नांना मी न वाचता 'हो'च म्हणत आलोय. मग सहा तास तपासणी चालली. अकरा टक्के झाली. आतून आवाज यायला लागला, टक, टक, किर्र, टक. मला वाटलं, काम जोरात सुरू आहे.

चार वाजून गेले तेव्हा मामी आतून आली, हात पुसत दारातच थांबली आणि मान तिरकी करून ऐकायला लागली. मामीने चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली शेवटची अकरा हेड सिस्टर म्हणून. ती ऐकते तेव्हा खोलीतली माणसं आपोआप श्वास रोखतात.

"हा आवाज कधीपासून?"

"दुपारपासून."

"आणि तू दुपारपासून इथेच बसलायस?"

"हो."

"नुसता बघत?"

"हो."

"बंद कर. आत्ता."

मामा मागे येऊन उभा राहिला. पाटीवर लिहिलेलं होतं, 'किती आली?'

मी म्हणालो, "अजून तसं काही... म्हणजे प्रक्रिया..."

"शून्य," मामी म्हणाली. ती पेशंटशी खोटं बोलत नाही आणि नातेवाइकांशीही नाही.

मामाने पाटी पुसली. काहीच न लिहिता त्याने मार्करला टोपण लावलं आणि आत निघून गेला.

*

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दुरुस्तीवाल्याच्या शटरसमोर होतो. हा माणूस चष्मा कपाळावर ठेवतो आणि दिवसभर शोधतो. कॉम्प्युटर मी कडेवर घेतला होता. तो हलू नये म्हणून मामी माझ्या पुढे चालत रस्त्यातल्या लोकांना बाजूला करत होती.

मी लक्षणं सांगायला सुरुवात केली. "मधेच अडकतो, मधेच निळा होतो..."

"कधी?"

"मधेच."

दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मामीने पिशवीतून वही काढून काउंटरवर ठेवली. गेल्या आठ महिन्यांत तो कॉम्प्युटर जितक्या वेळा बंद पडला, तितक्या वेळा मामीने नोंद केली होती. तारीख. चालू केल्याची वेळ. बंद पडल्याची वेळ. तेव्हा काय चाललं होतं. पडद्यावर काय लिहून आलं, अक्षर न अक्षर. कोणता आवाज. एकेचाळीस नोंदी. मला आठवलं, यातल्या निदान वीस वेळा तिने मला फोन केला होता आणि मी म्हणालो होतो, "बंद करून चालू कर." तेही तिने लिहून ठेवलं होतं. 'तज्ज्ञांचा सल्ला: बंद करून चालू करणे. परिणाम: नाही.'

दुरुस्तीवाल्याने चष्मा शोधला, सापडला, आणि तो वही वाचायला लागला. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्याने हातानेच थांबवलं. शेवटच्या पानावर येऊन म्हणाला, "बाई, मी बावीस वर्षं दुकान चालवतोय. असं पेशंट मला कुणी आणून दिलं नाही."

"विसाव्या ते पंचविसाव्या मिनिटात पडतो," मामी म्हणाली. "थंडीत तिसाव्या."

"म्हणजे तापतोय. डिस्क म्हातारी झालीये, तापली की तिला वाचता येत नाही." मी आदल्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्ड केलेली टकटक त्याने कानाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. "दुरुस्ती-तपासणी चालवलीत का?"

"चालवली," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"सहा तास."

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "माणूस धापा टाकतोय आणि तुम्ही त्याला सहा तास जिना चढायला लावलात."

मामी माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"घरी याला हवा लागते का?" त्याने विचारलं. "मागच्या जाळीवर काही झाकलेलं वगैरे?"

मामी म्हणाली, "कव्हर आहे. मी शिवलेलं. ऑपरेशन थिएटरचं जाड हिरवं कापड. वायरींपुरतं भोक ठेवलंय, बाकी सगळं बंद. धूळ जाऊ नये म्हणून."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

मामीने वही पुढे ओढली, बेचाळिसावी ओळ काढली आणि लिहिलं, 'कारण: परिचारिकेची चूक. श्वास कोंडला.' खाली सही केली, तारीख घातली. मी माझ्या ऑफिसात सात वर्षं काम करतोय. चूक झाली की तिथे तीन मीटिंगा होतात आणि शेवटी दोष हवामानाला दिला जातो. एखाद्या माणसाने स्वतःची चूक अशी तारीख घालून सुवाच्य अक्षरात लिहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून हातात दिली. हातभर मोठ्या खोक्यातून निघालं ते वहीएवढंही नव्हतं. त्याने पथ्य सांगितलं. हिच्यावर नवीन काही लिहायचं नाही. ही कॉम्प्युटरात परत बसवायची नाही. केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि जमेल तेवढं बाहेर काढून घ्यायचं. तापली की थांबायचं. "उघडून आतलं काढणारे लोक आहेत दुसऱ्या शहरात. पण तेही सांगतील, वाचतेय तोवर वाचून घ्या."

"किती दिवस वाचेल?"

"ते मी कसं सांगणार बाई?"

"बरोबर आहे," मामी म्हणाली. "आम्हीही सांगायचो नाही."

*

दुपारपर्यंत जेवणाच्या टेबलाचा वॉर्ड झाला होता. मधोमध चौपदरी टॉवेल, त्यावर डिस्क, तिच्यापासून माझ्या लॅपटॉपपर्यंत केबल, उजवीकडे टेबलफॅन. कपाळावर रोखायचं ताप मोजण्याचं यंत्र मामी डिस्कच्या पाठीवर रोखायची. दर तीन मिनिटांनी तापमान आणि आवाज तक्त्यात. अठरा मिनिटं काम, बेचाळीस मिनिटं विश्रांती. संध्याकाळी सातनंतर पेशंटला त्रास द्यायचा नाही.

"पण मामी, अठराच का? वीस मिनिटं तर चालते."

"वीस मिनिटांनी पडते म्हणून. पडायच्या काठापर्यंत न्यायचं नसतं कुणाला."

पहिला प्रश्न होता, सुरुवात कुठून करायची. कुठली फेरी शेवटची ठरेल ते माहीत नव्हतं. मामीने मामाची वही उघडली आणि लाल, पिवळी, हिरवी अशा तीन पेन्सिली घेतल्या. अपघाताचे पेशंट एकदम आले की असंच करतात म्हणे. ज्याच्या जिवाला धोका, तो लाल. दहा मिनिटांत तिने लाल खुणा केल्या. 'श्वास घेता येत नाहीये.' 'इथे दुखतंय.' 'डॉक्टरांना बोलवा.' पिवळ्यात जेवण, पाणी, औषधं. हिरव्यात उरलेलं सगळं, म्हणजे मामाची स्वतःची बडबड. हजारावर वाक्यं. ती राहिली तर राहिली.

मामा समोर बसून हे पाहत होता. कालपासून त्याने पाटीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता त्याने पाटी ओढली, बराच वेळ लिहिलं आणि आमच्याकडे फिरवली.

'दुखतंय हे तो यंत्रवाला पण सांगेल. दुखणं कुणाच्याही आवाजात दुखतं.'

मामी वाचत राहिली. त्याने पुसून पुन्हा लिहिलं.

'पण "अगं ऐकलंस का" हे त्याने म्हटलं तर तू वळून बघशील का?'

मला वाटलं, आता मामी त्याला चौतीस वर्षांचा अनुभव ऐकवणार. तिने पेन्सिली एका रेषेत लावल्या. मग वही घेतली आणि पहिल्या पानापासून एकेक खूण खोडून सगळा क्रम उलटा केला. हिरव्याचं लाल. लालचं हिरवं. पाऊण तास लागला. मी खोडरबरची भुकटी फुंकत बसलो. आयुष्यभर हातात बसलेली पद्धत एखादा माणूस एका पाटीवरच्या दोन ओळी वाचून उलटी करू शकतो, हे मला झेपत नव्हतं. मला मोबाइलचा रिंगटोन बदलायला दोन वर्षं लागतात.

"सुरू कर, तज्ज्ञ," ती म्हणाली. "नंबर सहाशे एक. 'अगं ऐकलंस का.'"

डिस्क फिरायला लागली. एका फाइलला दहा सेकंद, कधी वीस. फाइल लॅपटॉपवर आली की वाजवून बघायची, पूर्ण आहे का. मी बटण दाबलं.

"अगं, ऐकलंस का!"

मामी वळली. टेबलापलीकडे, मामाकडे. सात आठवड्यांनी त्या घरात तो आवाज आला होता आणि मामाचं तोंड बंद होतं. मामाने दोन्ही हात वर केले, लिलावात वस्तू विकली गेल्यावर करायचा तसे. मामीने तक्ता पुढे ओढला आणि तापमान लिहिलं. आकडा चुकला. खोडून पुन्हा लिहिला.

त्यानंतर आम्ही लयीत आलो. मामी नंबर सांगायची, मी काढायचो, वाजवायचो, मामा वहीत टिक करायचा. आपली वाक्यं ऐकून तो स्वतःच खूश व्हायचा. "तुझ्या भावाला सांग, घड्याळ विकत घे." टिक. "मला विचारून केलं असतं तर असं झालं नसतं." टिक. "वा! कोणी केलीये भाजी?" टिक. "अरे, कोणी केलीये ही भाजी?" टिक.

नवव्या मिनिटाला नंबर सहाशे सदतीसवर डिस्क अडली. टक. टक. किर्र. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टक. मी तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला, तर मामीने माझं मनगट धरलं.

"शीर सापडत नसेल तर सुई आत फिरवत बसायचं नाही. दुसरी शीर बघायची. हिच्याकडे नंतर यायचं, पेशंट शांत असताना."

"पण हे वाक्य महत्त्वाचं असेल तर?"

"म्हणूनच."

त्याच रात्री मी घरी जाऊन वाचलं. बिघडलेल्या डिस्का हाताळणारे जगातले निष्णात लोक अगदी हेच करतात. आधी सहज येईल ते सगळं घ्यायचं, अडेल ते सोडायचं, शेवटी त्याच्याकडे वळायचं. त्यासाठी त्यांनी मोठमोठे प्रोग्राम लिहिलेत. मामी हे कॉम्प्युटरचं तोंडही न बघता शिकली होती, चौतीस वर्षं लोकांच्या दंडात सुया खुपसून.

शनिवारी खालच्या मजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर संत्री घेऊन आले. दारावर मामीने 'शांतता राखा' अशी पाटी लावली होती, ती वाचून त्यांना वाटलं, मामाचं पुन्हा काहीतरी झालं. मामाने स्वतःच दार उघडल्यावर ते गोंधळले, पण संत्री आणलीच होती, तर परत कशी न्यायची म्हणून आत आले. टेबलाजवळ येऊन टॉवेलवरच्या डिस्ककडे पाहिलं.

"कसं आहे आता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"स्थिर," मामी म्हणाली. "रात्र चांगली गेली."

"खाणंपिणं?"

"बंद ठेवलंय. काही लिहायचं नाही असं सांगितलंय."

मास्तर समजूतदारपणे मान हलवत उभे राहिले. तेवढ्यात विश्रांती संपली, पहिली फाइल आली आणि लॅपटॉपमधून मामा म्हणाला, "या मास्तर, आज कुणाचं नाक वाकडं काढलंत?" मास्तरांनी मामाकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "हा माणूस आजारी पडून पण सुधारला नाही." जाताना त्यांनी डिस्ककडे बघून हात जोडले. एक संत्रं टॉवेलशेजारी ठेवून गेले, ते मी खाल्लं.

*

रविवारी सकाळी मामीने सोडून दिलेली वाक्यं घेतली. रात्रभराच्या विश्रांतीने डिस्क गार होती आणि पहिल्या दोन फेऱ्यांत अडलेल्यांतली साठेक वाक्यं निघाली. सहाशे सदतीसही निघालं. ते होतं, "हं." नुसतं हं. मामाने पाटीवर लिहिलं, 'फार उपयोगी पडतं!'

बाविसाव्या फेरीत, बारा वाजून वीस मिनिटांनी, डिस्क फिरायची थांबली. टकटक नाही, किर्र नाही. मी केबल काढून लावली. मामीने कान जवळ नेला, बोट ठेवून पाहिलं आणि घड्याळाकडे बघून तक्त्यात वेळ लिहिली. पंखा बंद केला. खोली अचानक मोठी वाटायला लागली.

"किती?" तिने विचारलं.

मामाने टिका मोजल्या. पाटीवर आकडा लिहिला, बाराशे सत्त्याण्णव. खाली दोन जाड रेघा.

मी सगळ्या फाइली टॅबलेटमध्ये भरल्या. लॅपटॉपवर एक प्रत ठेवली, पेन ड्राइव्हवर दुसरी, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिसरी, जे नियमात बसत नाही. तोवर मामी वही घेऊन बिनटिकेची वाक्यं वाचत होती. बहुतेक सगळी एकाच पट्ट्यात होती, नऊशेच्या पुढे. त्या पानांवर मामाने मथळा घातला होता, 'भांडण'.

"'तुला काही कळत नाही' आलंय," मामी बोट फिरवत म्हणाली. "'मी आधीच म्हणालो होतो' सातही आलीत. 'तुझं चुकलं' चारही आलीत. वेगवेगळ्या सुरांत." बोट थांबलं. "नऊशे अठ्ठ्याहत्तर नाही आलं."

"काय आहे ते?" मी विचारलं.

मामीने वही माझ्याकडे सरकवली. लिहिलं होतं, 'माझं चुकलं.'

"एकच होतं?" मामीने मामाला विचारलं. "चौदाशे बारांत?"

मामाने लिहिलं, 'दोन लागली असती?'

"एकतीस वर्षांच्या संसारात मी हे तुमच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. एकदाही. आणि तुम्ही ते कपाटात बसून म्हणालात?"

मामाने मान डोलावली.

"मी कुठे होते तेव्हा?"

मामाने दाराकडे बोट दाखवलं. कपाटाच्या बाहेर.

मला राहवेना. मी म्हणालो, "मामी, यात काही अवघड नाही. 'माझं ताट कुठाय' यातलं 'माझं' घेतो. 'तुझं चुकलं' यातलं 'चुकलं' घेतो. जोडून देतो, पाच मिनिटांत. कळणारसुद्धा नाही."

"टाके घातलेलं नको," मामी म्हणाली. "जसं म्हणाले तसं हवंय मला."

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. रविवार होता, तरी त्याने उचलला. बाराशे सत्त्याण्णव ऐकून तो "बाईंना द्या" म्हणाला आणि दोन मिनिटं त्यांच्याशीच बोलला. दुसऱ्या शहरातले ते लोक सोमवारी सकाळी नऊला उघडतात. डिस्क उघडतील, प्रयत्न करतील, खात्री देणार नाहीत. पार्सलने पाठवू नका, पार्सलवाले फेकतात. कुणीतरी हातात घेऊन जावं.

"मी नेतो," मी म्हणालो.

मामीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी खाली बसलो.

तेवढ्यात मामा उठला. त्याने टॅबलेट उचलला आणि बोटाने वर-खाली करत बराच वेळ काहीतरी शोधलं. बाराशे सत्त्याण्णव वाक्यांमधून हवं ते सापडायला वेळ लागणारच. मग त्याने बोट ठेवलं.

"माझं मी जाऊन आणतो!" त्याचा आवाज खोलीभर पसरला. "कुणी उठू नका!"

हे वाक्य त्याने दुधासाठी रेकॉर्ड केलं होतं, वहीत तसं लिहिलंय. कुणी उठलंही नव्हतं. पण त्याने बूट घातले, तीनच्या बसची वेळ पाटीवर लिहून मामीला दाखवली आणि दाराशी उभा राहिला.

मामीने डिस्क टॉवेलात गुंडाळली. त्यावर तिन्ही दिवसांचा तक्ता घडी करून ठेवला, डॉक्टरांना लागतो म्हणून. मामाच्या गळ्यातल्या श्वासाच्या भोकावरचं कापड बदललं, दुसरं खिशात घातलं. "मांडीवर ठेवा. पायाशी नाही. खिडकीच्या उन्हात बसू नका. आणि पोचल्यावर..." इथे ती अडली, कारण सात आठवडे झाले तरी मामाला 'फोन करा' म्हणायची तिची सवय गेली नव्हती.

मामाने टॅबलेट बगलेतून काढून हलवून दाखवला. आता तो फोन करू शकत होता.

जिन्यात दोघांची पावलं ऐकू आली, खाली मास्तरांचं दार उघडलं, आणि मामाचा आवाज तीन मजले घुमला, "जरा बाजूला व्हा, नाजूक माल आहे!" मामी परत आली, टेबलाशी बसली आणि वहीत शेवटची नोंद केली. 'पेशंट पुढील उपचारांसाठी रवाना. सोबत नातेवाईक: एक.'